ऐकणारा बसलाय

गुंडूअण्णांच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे चिठ्ठ्यांनी भरलेले असत. डावीकडं बाजाराच्या: 'दोन शेर जोंधळे', 'वांगी कोवळी द्या'. उजवीकडं चारचौघांतल्या: 'बरं आहे', 'पुन्हा येईन', 'आपल्या दुःखात सहभागी आहे'. बोलताना ते फार अडखळत, म्हणून ही सोय. एकदा घाईत त्यांनी भाजीवालीच्या हातात दुखवट्याची चिठ्ठी दिली. तिनं ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून वाचून घेतली आणि "माझ्या घरात कोण गेलं गं बाई!" म्हणत तराजू टाकून घराकडं पळाली.

बेळगावच्या कोर्टात ते नकला उतरवायच्या कामाला होते. अक्षर असं, की विरुद्ध पक्षाचा अर्जसुद्धा वकील कौतुकानं वाचत. एक दिवस वाचून दाखवणारा कारकून आला नाही. साहेबांनी गुंडूअण्णांना उभं केलं. पहिलाच शब्द 'फिर्यादी'. 'फ' वरून पुढं जाईना. सगळं कोर्ट हसलं, साहेबही हसले. दुसऱ्या दिवसापासून अण्णा कोर्टाची पायरी चढले नाहीत.

ते मामांकडं राहत. मामा लाकडाचे कंत्राटदार. घरात टेलिफोन होता. मामा वारले त्यानंतरची गोष्ट. मी शेजारचा, नवा वकील. दुपारी सहज त्यांच्या बाहेरच्या सोप्यात बसलो होतो. घंटा वाजली. अण्णा आत गेले आणि एक भारदस्त आवाज ऐकू आला, "मामा गेले. लाकडाचं काम आता बंद आहे. आपलं नाव सांगा, कळवतो." घरात आणखी कोण आलंय म्हणून मी वाकून बघितलं. कुणी नव्हतं.

"अण्णा, हे कसं काय?"

फोनकडं बोट दाखवत ते म्हणाले, "ति... तिथं डो... डोळे न्हाईत."

त्यावरूनच ती कल्पना निघाली. आम्ही चार वकील दिवसभर कोर्टात, घरी फोन कुणाकडंच नाही. पक्षकारांना अण्णांचा नंबर दिला. घरी बसून त्यांनी आमचे निरोप घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा लग्नाला निघाल्यासारखे कोट-टोपी घालून फोनपाशी बसले. कुणी घाबऱ्या घाबऱ्या बोलायला लागला की म्हणत, "सावकाश. ऐकणारा बसलाय." गोकाककडच्या माणसाशी कन्नडातही तितकंच स्वच्छ. संध्याकाळी प्रत्येकाला निरोपांचा कागद मिळे. त्यात काही गाळलेलं नसे. 'येथे पक्षकार थोडे रडले', असंही लिहिलेलं असे.

लोकांना वाटे, हा कोणी उंचापुरा, मिशीवाला साहेब असणार. कुणी भेटायला आलाच, तर अण्णा कोट काढून केरसुणी घेत आणि साहेब बाहेर गेलेत अशी खूण करत. मी पुष्कळ रागावलो. काही उपयोग झाला नाही.

सोनाक्का माझी पक्षकार. निपाणीजवळच्या खेड्यातली विधवा, तंबाखूच्या वखारीत कामाला. दिराशी जमिनीचा वाद होता. वखारीच्या मालकाच्या फोनवरून ती तारीख विचारी, आणि तारीख पुढं गेली असली की "उगीच येऊ नका" म्हणून अण्णा तिची खेप वाचवत. दोन वर्षांनी निकाल लागला. तिच्या विरुद्ध. मला सांगायचा धीर होईना. ते काम मी अण्णांवर ढकललं. वखारीला फोन लावून त्यांनी तिला सांगितलं. त्या दिवशीच्या कागदावर होतं: 'निकाल कळवला. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही फोन ठेवला नाही.'

आठ-दहा दिवसांनी सोनाक्का स्वतः आली. डोक्यावर शेंगांचं गाठोडं. कोर्टाला सुट्टी होती, मी माझ्या खिडकीत होतो. अण्णांनी लगेच केरसुणी घेतली.

"सायेब हाईत न्हवं? त्या रानातल्या शेवटच्या शेंगा हाईत. त्येंच्या हातात द्यायच्यात."

अण्णांनी 'साहेब बाहेर गेलेत' अशी चिठ्ठी पुढं केली.

"मला कुठलं वाचाय येतंय? बसतो की मी हितंच."

ती पायरीवर बसली आणि आत घंटा वाजायला लागली. अण्णा हलले नाहीत. घंटा थांबेना. कुणाचं काय अडलं असेल, कोण जाणे. शेवटी केरसुणी ठेवून ते आत गेले, आणि तो आवाज सगळ्या सोप्यात भरला.

सोनाक्कानं झटकन डोक्यावर पदर घेतला.

अण्णा बाहेर आले. ओठ हलले, मान ताठली, शब्द फुटेना. सोनाक्कानं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, ती बसल्या जागी वळली आणि त्यांच्याकडं पाठ, रस्त्याकडं तोंड करून बसली.

"सांगा आता. मी काय बघत न्हाई."

"मी... मीच त... तो," अण्णा म्हणाले.

"त्ये कळलं मगाशीच. फुडचं बोला."

आणि अण्णा बोलायला लागले. अडखळत, थांबत, पण बोलत राहिले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. खिडकी लावून घेतली. त्यांची माझी आठ वर्षांची ओळख. मी त्यांचा मित्र म्हणवून घेत होतो, आणि ते बोलायला लागले की प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बसत होतो.