टोक वर हवं

पनवेलला आमच्या गॅलरीत रेगे मास्तरांइतका टोकाचा माणूस दुसरा नव्हता, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतेय. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. कुणाच्याही पोराची बोथट पेन्सिल दिसली की ब्लेड काढून बसलेच. माझ्या मोदकांनाही शेरा मिळायचा, "वहिनी, टोक बसलंय."

पण गॅलरीत हसणं व्हायचं ते त्यांच्या टीशर्टांवरून. दर रविवारी दोरीवर दोन पांढरे टीशर्ट, छातीवर गुलाबी त्रिकोण. एक त्यांच्या मापाचा, दुसऱ्यात दोन मास्तर मावले असते. तो मोठा कधी कुणाच्या अंगावर पाहिला नाही, तरी धुतला मात्र जायचा, आणि तोही आधी.

त्रिकोण म्हणजे कुटुंब नियोजन, एवढं आम्हाला दवाखान्याच्या भिंतीवरून ठाऊक. बिनलग्नाच्या माणसाने हा प्रचार करावा? शिवाय सरकारी त्रिकोण लाल आणि टोक खाली, यांचा गुलाबी आणि टोक वर. मी म्हटलं, "मास्तर, छापणाऱ्याने उलटा छापलाय."

"टोक वर हवं, वहिनी. फार लोकांनी सोसून वर केलंय."

मला वाटलं, चित्रकलेतलं काही असेल.

एका रविवारी चाळीचे मालक धर्माशेठ दुखरे गुडघे घेऊन जिना चढून आले आणि ते टीशर्ट हाताने सारून थेट मास्तरांपुढे उभे राहिले.

"मास्तर, जावय बोलतो, बाप्यांवर जीव लावनाऱ्या बाप्यांची ही निशानी हाय. पेपरात मोर्च्याचा फोटू होता. तसं असंल तर खोली खाली करा. आमच्या घरात लेकीबाळी हायेत."

शेजारची दारं किलकिली झाली. मी पुढे होऊन ठोकून दिलं, "अहो शेठ, कुटुंब नियोजनाचे आहेत ते. दवाखान्यात वाटले होते."

शेठना सुटल्यासारखं झालं. भांडण त्यांनाही नको होतं. "बोला मास्तर. सरकारी हाय ना?"

एक 'हो' म्हटलं की मिटत होतं. मी डोळ्यांनी खुणावत होते. मास्तर मात्र टीशर्टाची बाही सरळ करत राहिले. मला त्यांचा रागच आला.

"नाही," ते म्हणाले. "जावईबापूंचं बरोबर आहे. परदेशात एके काळी अशा माणसांना कैदेत टाकून त्यांच्या कपड्यांवर हा शिवायचे, टोक खाली करून. पुढे मोर्चेवाल्यांनी तोच टोक वर करून छातीवर मिरवला. माधव बोटीवर होता, त्याने दोन आणले."

"करंजा गावचा माधव, तुमच्याकडं यायचा त्यो?" शेठचा आवाज उतरला. "त्यो तर गेला."

"हो."

"मंग त्याचा कशाला धुता? घालतं कोन?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "पण माझा एकटाच वाळत घालवत नाही मला."

शेठ दोरीकडे बघत राहिले. मग टीशर्टांना धक्का न लावता, गुडघे दुखत असूनही खाली वाकून पलीकडे गेले आणि जिन्याशी थांबले.

"वारा हाय, मास्तर. त्या मोठ्याला चिमटं लावा."

मास्तर चिमटे शोधायला आत वळले. माझ्या दोरीवरचे चिमटे काढून मीच लावले.