तिआएकी आजोबांच्या लाल गोळ्या

माझा एकही पेशंट गोळी चुकवत नाही, असं मी भर सभेत सगळ्या बेटासमोर सांगितलं होतं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

त्या वर्षी छातीचे फोटो काढणारी गाडी राजधानी तारावाहून बोटीत बसून आमच्या बेटावर आली. लग्नाचे फोटो असावेत तसं अख्खं बेट नटूनथटून रांगेत उभं राहिलं. सात जणांच्या छातीत क्षय निघाला. ते सात माझ्या गळ्यात टाकून गाडी आली तशी गेली. हुकूम असा, की रोज सकाळी घरी जायचं आणि डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावायची. सहा महिने. सात घरं बेटाच्या सात टोकांना. मी सायकल मागितली. हेड ऑफिसने सायकल पाठवली नाही, सायकल कशी वापरावी याचे नियम पाठवले. तीन पानं!

मग मी आठवड्याच्या गोळ्या एकदम देऊन टाकायला लागले. चूक माझी. निम्मी हेड ऑफिसची, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

सातांतले तिआएकी आजोबा माझ्या आईचे मामा. बाकी सहाजण अंगाने भरत चालले, हे वाळत चालले.

"गोळ्या घेता ना?"

"पुडी संपली, बघ की."

पुडी खरंच रिकामी होती.

एका सकाळी त्यांचा पुतण्या तेवेइया दवाखान्यात आला. होडीएवढा गडी. मागे त्याचे दोन भाऊ. तिघंही दाराशीच घुटमळले.

"बोल की."

"तू बाईमाणूस. कसं सांगू?"

"मी नर्स आहे."

"लघवी लाल होतेय. तिघांची. मरणार का आम्ही?"

लघवी लाल करणारी गोळी बेटावर एकच होती आणि ती मीच वाटत होते.

"आजोबांच्या गोळ्या खाल्ल्यात?"

"चोरल्या नाहीत. बुबुती केली," तेवेइया छाती काढून म्हणाला. "सरकार फुकट देतंय, म्हणजे ताकदीच्याच असणार."

बुबुती म्हणजे नातलगाने तोंड उघडून मागणं. होडी मागा, डुक्कर मागा, अंगातला शर्ट मागा. नाही म्हणणाऱ्याला आमच्याकडे मान वर करून चालता येत नाही.

रेडिओवर डॉक्टरांना गाठलं. या तिघांना काही होणार नव्हतं. आजोबांचं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, आणि पुन्हा खंड पडला तर औषध लागू पडेलच असं नाही. हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. नंतर अर्धा तास मला झापलं.

तिघांना घेऊन मी आजोबांकडे गेले.

"मरायचंय का तुम्हाला?"

"नाही गं. पण पोरांनी मागितल्यावर नाही म्हणून जगू कसा, ते सांग."

ते खोकत होते आणि माझ्याकडे नियमांची तीन पानं होती. माझं डोकं फिरलं.

"मग मीही मागते. या तिघांसमोर."

"काय?"

"तुमचं तोंड. रोज सकाळी, सहा महिने. त्यात मी घालीन ते माझं."

तेवेइया खिदळला. "तोंड दिल्यावर म्हातारा बोलणार कशाने?"

"गोळी उतरली की परत देईन."

आजोबांनी आ केला.

सहा महिने मी वाळू तुडवत गेले. आधी त्यांच्याकडे, मग उरलेल्या सहा घरी. पायांना फोड, डोक्यावर ऊन, तोंडात हेड ऑफिससाठी शिव्या. आजोबा बरे झाले. शेवटची गोळी गिळून त्यांनी तोंड पुसलं.

"आता मी मागतो. सकाळी येत जा."

"गोळ्या संपल्या, आजोबा."

"गोळ्यांचं कोण बोलतंय?"

नाही म्हणायची सोय नव्हती. ते गेले तोवर, अकरा वर्षं, मी रोज सकाळी त्यांच्याकडे जात होते. उपचार सहा महिने, असं हेड ऑफिसच्या कागदावर आहे. राहू दे. उरलेली साडेदहा वर्षं, आता लपवून काय करू, त्यांच्या माडावरून नुकत्याच उतरवलेल्या नीरेसाठी होती.