निळी की लाल?

भाई मयेकरांनी एकदा माझ्यासमोर चहाचे दोन कप ठेवले. आधी एकातला घोट घ्यायला लावला, मग दुसऱ्यातला, आणि माझ्या तोंडाकडे रोखून बघत विचारलं, "मास्तर, आता बरं, की मगाशी बरं?"

दोन्ही चहा एकाच पातेल्यातले होते. दुसऱ्यात अर्धा चमचा साखर जास्त होती, एवढंच. मी "आता बरं" म्हटल्यावर भाईंनी आत ओरडून सांगितलं, "अगो, मास्तरांना साखर वाढव!" त्या दिवसापासून त्या घरात मला तेवढ्याच साखरेचा चहा मिळू लागला. माझ्या स्वतःच्या घरात बावीस वर्षांत हे ठरलं नव्हतं.

भाईंचं रत्नागिरीच्या बाजारात चष्म्याचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवायची, तीत एकामागून एक काचा सरकवायच्या आणि दर काचेला विचारायचं, "आता बरं, की मगाशी बरं?" तीस वर्षं हेच केल्यामुळे जगात कुठलीही गोष्ट एकटी बघायची नाही, तिच्याशेजारी दुसरी ठेवायची, अशी त्यांना सवय जडली होती. लग्नाच्या वेळी पूर्णगडला मुलगी बघितली, मग राजापूरला जाऊन दुसरी बघितली आणि खात्री करायला परत पूर्णगडला गेले. वहिनी हे सगळ्यांना सांगायच्या. "मला दोनदा बघितलंनी. दुसऱ्या वेळी माझे वडील म्हणाले, हा मुलगा आहे की गलबत घेणारं गिऱ्हाईक?"

पण माणूस कामात सोन्यासारखा. ज्याला चष्म्याची गरज नाही त्याला भाईंनी कधी चष्मा विकला नाही. एका बँकेतल्या साहेबाला त्यांनी "तुम्हाला नंबर नाय, झोप हवी" असं सांगून परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलंय. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका आल्या की भाई भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बाजूला ठेवत. त्यांच्यापुढे सूप येई, सुपात तांदूळ आणि तांदळात मोजून पाच खडे. पाचही सापडले की नंबर बरोबर. जाळी विणणारा म्हातारा आला तर त्याच्या हातात सुई आणि दोरा. "अक्षर काय चाटायचंय त्याला?" भाई म्हणत. "त्याला जे बघायचंय ते दिसलं पाहिजे."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. सतरा-अठरा वर्षं झाली असतील. भाईंच्या समोर उमेशचं टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. त्याने एक मोठा सपाट टीव्ही आणला आणि त्याला नव्या जातीच्या डिस्कचं मशीन जोडलं. दिसायला डिस्क साधीच, आपल्या डीव्हीडीएवढी. पण चित्र असं, की माणसाच्या दाढीचे खुंट मोजावेत. भाई रस्ता ओलांडून गेले आणि जेवायला आलेच नाहीत. वहिनींनी मला बोलवायला पाठवलं, तर हे टीव्हीपासून चार पावलांवर डोळे बारीक करून उभे.

"मास्तर, अक्षर बघा. कडेला जरासुद्धा फुटलं नाय."

सिनेमा बघायची भाईंची रीत निराळी होती. ते शेवट बघत. गोष्टीचा नव्हे, गोष्ट संपल्यावर जी बारीक अक्षरांतली नावं वर सरकत जातात, ती. नायक मेला की जगला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. सुतारकाम करणाऱ्या चौथ्या मदतनिसाचं नाव स्पष्ट वाचता आलं, की सिनेमा चांगला.

अडचण अशी, की या नव्या डिस्क दोन जातींच्या निघाल्या होत्या. एक निळ्या डबीत यायची, एक लाल. निळी लालच्या मशीनमध्ये चालत नसे, लाल निळीच्या. मोठमोठ्या कंपन्या दोन बाजूंना वाटल्या गेल्या होत्या आणि कुठली तरी एक बाजू मरणार, हे उमेशसुद्धा कबूल करत होता. जो मरणारीचं मशीन घेईल त्याच्या घरी नुसता पत्र्याचा डबा उरणार. भाई यात एकदा पोळलेले होते. कॅसेटच्या काळातही अशीच दोन जातींची झुंज झाली होती आणि भाईंनी भरपूर तपासून, तुलना करून, हरणाऱ्या जातीचं मशीन घेतलं होतं. "चित्र त्याचंच बरं होतं," ते अजून सांगत. ते मशीन कपाटावर धुतलेल्या फडक्याखाली होतं.

तेव्हा या वेळी घाई नाही. रोज संध्याकाळी भाई उमेशकडे जात, पाच मिनिटं नावं वाचत आणि परत येत. उमेशच्या गिऱ्हाइकांना मशीनची माहिती भाईच देत, आणि इतक्या प्रामाणिकपणे देत, की त्यातला एकही मशीन घेत नसे.

त्यातच इक्बालभाईंचा मुलगा कुवेतहून सुटीवर आला आणि बापासाठी लाल मशीन घेऊन आला. इक्बालभाई म्हणजे भाईंचे शाळेपासूनचे मित्र, दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून. आता बाजारात निळी आणि लाल दोन्ही आल्या. दुसऱ्याच दिवशी भाईंनी परीक्षा ठरवली.

उमेशच्या दुकानात आम्ही दहा-बारा जण जमलो. एकाच टीव्हीला आलटून पालटून दोन्ही मशीनं लावायची आणि प्रत्येकाने मत द्यायचं. पण दोन्हींवर एकच सिनेमा नव्हता. निळीवर डोंगरात कुणीतरी धावत होतं आणि लालवर मोटारी आपटत होत्या. उमेश म्हणाला, "भाई, डोंगर आणि मोटार कशी ताडून बघणार?"

"दोन्हींचा शेवट लाव," भाई म्हणाले. "अक्षर सगळीकडे सारखं."

मग रत्नागिरीतली दहा-बारा शहाणी माणसं पाऊण तास परदेशी सुतारांची आणि इलेक्ट्रिशियनांची नावं वर सरकताना बघत उभी राहिली. भाई मध्ये हातात टिपणवही घेऊन. "आता बरं, की मगाशी बरं?" इक्बालभाई म्हणाले, "लाल." उमेश म्हणाला, "निळी." यात नवल नव्हतं. बाकीचे निम्मे निम्मे वाटले गेले. माझी पाळी आल्यावर मी खरं सांगून टाकलं, की मला दोन्हींतलं एकही नाव वाचता येत नाही.

भाईंनी वही मिटली. माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं बघितलं. "मास्तर, शेवटचा नंबर कधी काढलात?"

मला धरून चौघांचे नंबर वाढलेले निघाले. निळी-लालचा निकाल मात्र लागला नाही.

तो पुढे काही महिन्यांनी आपोआप लागला. लालवाल्यांनी हात टेकले, त्यांच्या डिस्क निघायच्या बंद होणार, अशी बातमी आली. बाजारात भाईंचं कौतुक झालं. थांबला तो माणूस शहाणा, असं जो तो म्हणू लागला. इक्बालभाईंची मात्र सगळ्यांनी थट्टा केली आणि ते दोन दिवस दुकानाच्या बाहेर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाई त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "इक्बाल, लाव तुझी लाल. मोटारीवाली." दोघांनी तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. भाईंनी आयुष्यात पूर्ण बघितलेला तो बहुधा एकमेव सिनेमा. उठताना म्हणाले, "ही बाजारात हरली रे. डोळ्यात नाय हरली." इक्बालभाई परत बाहेर बसू लागले.

आता भाई निळी घेणार, असं सगळे धरून चालले. भाईंनी घेतली नाही. "आणखी एखादी येईल," म्हणाले. "बघू." उमेशने त्यांच्यापुढे हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि मग एका बुधवारी सकाळी मी शाळेत निघालो, तर उमेशचा माणूस खोका डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडतोय आणि मागून भाई. मोठा टीव्ही, निळं मशीन, सगळं. परीक्षा नाही, तुलना नाही, टिपणवही नाही. मी थट्टेने म्हटलं, "भाई, शेवटी ठरवलंत म्हणायचं!"

"ठरवलं," भाई म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा मला कळलं. आदल्या दिवशी दोघं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. वहिनींच्या डोळ्यांचा पडदा आतून खराब होत चालला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच पुसलं जायचं. वर्षभर भाईंनी दुकानातली एकेक काच त्यांच्या डोळ्यांपुढे धरून बघितली होती. आम्हाला कुणालाही पत्ता नव्हता. डॉक्टरने सांगितलं, की चष्म्याने होण्यासारखं हे नाही, आणि पुढे कमीच होत जाईल.

"मी म्हटलं, चित्रच जर एवढं स्पष्ट असलं," भाई वायर जोडता जोडता म्हणाले, "तर थोडं तरी पोचेल."

उमेशकडे निळ्या डबीतल्या तीनच डिस्क होत्या. त्यांतली एक समुद्राखालच्या माशांची. वहिनी पूर्णगडच्या, घरच्या दोन होड्या होत्या त्यांच्या माहेरी. भाईंनी तीच उचलली होती.

वहिनींना टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची दिली. भाईंनी घरातल्या जुन्या डीव्हीडीच्या मशीनवर एक साधी डिस्क दाखवली, मग नव्यावर मासे. पडद्यावर एवढं निळं पाणी पसरलं, की मीच क्षणभर श्वास धरला. भाईंनी विचारलं, "आता बरं, की मगाशी बरं?"

वहिनी लगेच म्हणाल्या, "आता बरं. कितीतरी बरं."

दुकानात कुणी उगाच हो ला हो करतंय असं वाटलं, की भाईंची एक युक्ती होती. नंबराच्या काचेऐवजी गुपचूप साधी काच सरकवायची आणि तोच प्रश्न विचारायचा. ती युक्ती त्यांनी तेव्हा केली. हातातला रिमोट दाबल्यासारखं केलं, दाबला नाही. मासे होते तसेच राहिले. "आणि आता?"

"आता आणखीन स्पष्ट झालं," वहिनी म्हणाल्या. "पैसे वाया नाय गेले हो."

भाईंनी रिमोट हळूच मांडीवर ठेवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"होय," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटतं."

पुढचे पंधरा दिवस ते मशीन सुरू झाल्याचं मी ऐकलं नाही. भाई दुकानात गिऱ्हाइकाला काच लावत आणि नुसतं "दिसतंय?" असं विचारत. मला वाटलं, खोका परत उमेशकडे जाणार.

एका रविवारी संध्याकाळी मी चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायला गेलो. दुकानात कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता आणि त्यावर भाईंचा, कुणाला तरी पत्ता सांगावा तसा.

"चादर वाळत घातलेली असते ना, आणि वारा येतो. तसं काहीतरी येतंय. मागे दोरी लोंबतेय."

"दोरी कसली!" वहिनी म्हणाल्या. "शेपूट ती. पाकट आहे ती. शेपटीला काटा असेल बघा."

"काटा नाय."

"असतो. नीट बघा. मागे घ्या जरा."

मशीन थांबलं. परत सुरू झालं. "आहे गो!" भाई ओरडले. "बुडाशी आहे. मगाशी दिसलाच नाय मला."

"एवढं काय काय घेतलंत डोळे तपासायचं, आणि पाकटीचा काटा दिसत नाय. पुढे काय आलं?"

मी दारातच उभा राहिलो. वहिनी पाठमोऱ्या होत्या, खुर्ची टीव्हीकडे नव्हे, भाईंकडे वळवलेली. भाई गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे झुकले होते. नावं सरकायला अजून बराच वेळ होता. तरी ते हलत नव्हते.

"एक छोटा आलाय. एकटाच. चपटा, तळहाताएवढा."

"रंग?"

"हिरवा."

"हिरवा म्हणजे कसला? हिरवे शंभर असतात."

भाईंनी चित्र थांबवून धरलं. उठून पडद्याजवळ गेले, डोळे बारीक करून बघितलं, परत मागे आले.

"लग्नानंतर पहिल्यांदा भाट्याच्या वाळूत गेलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा तू पातळ नेसली होतीस ना? तो हिरवा."

वहिनी म्हणाल्या, "ते हिरवं नव्हतं. मोरपंखी होतं."

"मोरपंखी," भाई म्हणाले. "मासा मोरपंखी आहे."