सायकलची सीट खाली कोण करतं?

माझं नाव ऐकून गुन्हेगारांचा थरकाप उडत नाही, याचं एकमेव कारण म्हणजे मी ते गुप्त ठेवलं आहे. वरवर पाहता मी चष्म्याचं दुकान चालवतो. पण गिऱ्हाईक दारातून आत आलं, की त्याला जवळचं दिसत नाही की लांबचं, हे मी नुसत्या चालीवरून ओळखतो. खुर्चीला धडकलं तर लांबचं. धडकून खुर्चीची माफी मागितली तर दोन्ही. माझी सहायक म्हणजे माझी बायको. हे पद तिने अजून स्वीकारलेलं नाही, पण काम तीच करते.

त्या रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आमच्या दारात उभे राहिले. बोटं काळी, चेहरा पांढरा.

"तुम्ही नुकतीच सायकलची चेन हाताळली आहे," मी म्हणालो.

"मी तेच सांगायला आलोय," ते म्हणाले. "दात असता तर काढायचा की भरायचा, हे मी क्षणात ठरवलं असतं. या सायकलचं मात्र काही कळत नाही."

आम्ही खाली गेलो. जिन्याखाली ती उभी होती. बारीक चाकं आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. कॉलेजात असताना डॉक्टरांनी घेतलेली, दुकानातली सगळ्यात स्वस्त शर्यतीची सायकल. वजन मात्र नळाच्या पाइपांचं. तिच्यावर बसून ते आयुष्यात एकाच शर्यतीत उतरले. ते पोचले तेव्हा संयोजक मांडव उतरवत होते.

"दुरुस्त करावी, तर दुकानदार हसतो. टाकून द्यावी, तर हात धजत नाही. शेवटी उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. पण गेले काही दिवस काहीतरी विचित्र चाललंय." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मी हात लावत नाही, तरी टायरमध्ये हवा असते. चेनला तेल असतं. आणि ही सीट! मी वर करतो, ती परत खाली!"

माझ्या अंगावर सुखद काटा आला. पोकळ नळ्या! मी ताबडतोब हिऱ्यांच्या तस्करीचा निष्कर्ष काढला, सीट उपसली आणि नळी उलटी करून ठोकली. एक मेलेलं झुरळ बाहेर पडलं.

"साक्षीदाराला संपवलंय," मी म्हणालो.

मग सीटवरून मी गुन्हेगाराची उंची काढली. माणूस बुटका होता. आमच्या इमारतीत सगळ्यात बुटका मीच. काही क्षण मला स्वतःचाच दाट संशय आला. काल दुपारी तू कुठे होतास, असं मी स्वतःला दरडावून विचारलं. झोपलो होतो, पण तसं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. शेजारी म्हणून मी स्वतःला संशयाचा फायदा दिला.

तेवढ्यात डॉक्टरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, जिना उतरून आल्या. कोपराला पट्टी, सलवारीच्या पायाला काळी रेघ. माझ्या नजरेतून काय सुटणार!

"वहिनी, ती रेघ काजळाची आहे. धावताना डबी सांडली. धावलात कारण कोणीतरी मागे लागलं होतं. कोपर फाटकाला लागलं. तुम्ही त्या हल्लेखोराला पाहिलंय!"

वहिनींचा चेहरा उतरला.

"बघा, घाबरल्या!" मी डॉक्टरांना म्हणालो.

तेवढ्यात माझी बायको भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आली. तिने वहिनींकडे पाहिलं.

"काय गं, पडलीस?"

"हो ना. त्या वळणावर."

"ब्रेक लागत नाहीत का?"

"मागचा तर अजिबात नाही."

डॉक्टर सायकलकडे, मग वहिनींकडे आणि परत सायकलकडे बघत राहिले.

"तू? तुला सायकल येते?"

"येत नव्हती. लहानपणी भावाला मिळाली, मला नाही. आता येते. फक्त उजवीकडे वळता येत नाही."

"मग घरी कशी येतेस?"

"डावीकडे वळत वळत."

"अगं, मला सांगायचंस की! मी शिकवलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "गाडी शिकवलीत तेव्हाचं आठवतंय? पेशंटला म्हणता, अजिबात दुखणार नाही हं. आणि मला? क्लच, क्लच, क्लच! रस्त्यातली माणसं थांबून बघायची."

डॉक्टर खालच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी ती भंगारात देणार होतो."

"भंगारवाल्याला मी एकदा परत पाठवलंय. उद्याही पाठवलं असतं."

डॉक्टरांचे डोळे चमकले. "मग आता पूर्णच नवी करू! मूळचा निळा रंग, नवी चाकं..."

"रंगाला हात लावायचा नाही," वहिनींनी अडवलं. "नवी दिसली तर चोरीला जाईल. मग यांना शोधायला बोलवावं लागेल."

'यांना' म्हणजे मला. हा माझ्या कीर्तीचा गौरव समजून मी मान लववली.

संध्याकाळी डॉक्टर जिन्याखाली गुडघे टेकून नवे ब्रेक बसवत होते. हलक्या हातांनी, अक्कलदाढ काढताना असतात तशा. वहिनी बसल्या. डॉक्टर सीट धरून मागे धावायला निघाले.

"सोडा," त्या म्हणाल्या.

"क्ल..." डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले आणि सोडलं.

त्या गेल्या. ते फाटकात हात तसेच पुढे धरून उभे राहिले. चेहऱ्यावर असं हसू, की शर्यत त्यांनीच जिंकली असावी.

प्रकरण मी सोडवलं, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. सध्या मात्र एका नव्या गूढाने मला ग्रासलं आहे. बायको रोज दुपारी वहिनींकडे वाटी परत करायला जाते आणि कपड्यांना काळी रेघ लावून, घामाघूम होऊन, खुशीत परत येते. वहिनींच्या इतक्या वाट्या आमच्या घरात आल्या कुठून, याचा मी कसून तपास करतो आहे.