दर वीस किलोमीटरला

चिखलीच्या अलीकडे ट्रक सकाळपासून तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा हिंमतरावांनी शिवीसुद्धा दिली नाही. महिनाभरात सगळ्या देऊन झाल्या होत्या. मागे मांडवाचे खांब, कढया, दीडशे खुर्च्या. शेजारी बायको सिंधूताई, लग्नघरी पुऱ्या लाटणाऱ्या बायांची मुकादम. देऊळगाव राजाला अकराच्या आत पोचायचं होतं. मांडववाले भगवंतराव काल फोनवर स्पष्टच बोलले होते, "आज उशीर झाला त उद्यापासून दुसरी गाडी."

हिंमतराव उतरले. डिझेलचा काटा केव्हाच मेलेला, म्हणून आधी टाकीचं झाकण उघडून काठी बुडवायची, ही त्यांची रीत. डिझेल भरपूर होतं.

या महिन्यात गाडीला तीन डॉक्टर झाले होते. फिल्टर विकणारा म्हणाला, फिल्टर चोंदला. पंप दुरुस्त करणारा राजकुमार म्हणाला, पंप गेला. नोझलवाल्याने नोझल काढले. ज्याच्या दुकानात जे होतं, तेच गाडीत बिघडलेलं निघायचं. आणि कमाल म्हणजे प्रत्येकाचा इलाज लागू पडायचा. वीस किलोमीटरपुरता.

हिंमतरावांनी राजकुमारला फोन लावला.

"लाइनीत हवा धरली असन," तो म्हणाला. "बोल्ट ढिला करा, हातपंप मारा."

"थांबा जी," सिंधूताई केबिनमधून म्हणाल्या. "सकाळी पहिल्यानं बंद पडली तवा काय केलं?"

"फिल्टर खोलून कसला."

"दुसऱ्यानं?"

"पाइप ठोकला."

"आन दोन्ही टायमाले आधी झाकन उघडलं. फुस्स आवाज आला. आताबी आला."

"मंग?"

"तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं त तेल पडते काय? दुसरं पाडा लागते, हवेसाठी. तुमच्या झाकनाले भोक हाय का नाई?"

हिंमतरावांनी हातातलं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं.

"होतं," ते म्हणाले. "म्याच बुजवलं. काचेले लावाची लांबी भरून. लग्नातले जनरेटरवाले डिझेल चोरतात ना."

"सुईएवढ्या भोकातून?"

"सावध असलेलं बरं म्हून."

कशालाही हात न लावता त्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. तीन डॉक्टरांचं पुण्य एका झटक्यात बुडालं. खिळ्याने लांबी कोरून काढली, आणि मग गाडी कुठेच थांबली नाही.

पावणेअकराला ते मंगल कार्यालयासमोर उभे होते. फाटकाला कुलूप. आत एक कुत्रं झोपलेलं. हिंमतरावांनी अभिमानाने फोन लावला.

"भाऊ, पोचलो."

"कुठं बंद पडली ते सांग," भगवंतराव म्हणाले.

"बंद नाई पडली. फाटकापाशी हावो."

पलीकडे भगवंतराव भडकले.

"काऊन बे? तुले अकरा सांगतो ते तू तीनले पोचावं म्हून! मानसं तीनलेच बोलावले म्या. गाडी कोन खाली करन आता?"

"मंग उद्यापासून दुसरी गाडी…?"

"काहाले? तूच ये. पन आता खरा टाइम सांगन, आन खऱ्या टाइमाले उशीर चालनार नाई." मग ते जरा नरमले. "रखवालदाराले पाठवतो. आलाच हायेस त खुर्च्या तेवढ्या उतरवून ठेव."

हिंमतरावांनी फोन खिशात टाकला.

"राह्यलं काय काम?" सिंधूताईंनी विचारलं.

"राह्यलं. वाढलंबी."

सिंधूताईंनी मागच्या खुर्च्यांच्या थप्पीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पहिली मले द्या," त्या म्हणाल्या. "बसून मोजते."