नामपूरचे नाना आणि इंग्लंडातली देवळं

"छप्पर कोठे शे? मी इचारतो, छप्पर कोठे शे?"

इंग्लंडातल्या एका पडक्या मठात आमचे साडू नाना तिकीट देणाऱ्या म्हातारीला जाब विचारत होते. मठ सात-आठशे वर्षांचा. कमानी उभ्या, वर नुसतं आभाळ, आत मेंढ्या. नानांचा आवाज असा, की कमानीवरचे कावळे उडाले ते थेट फ्रान्सात उतरले असतील. म्हातारी म्हणाली, छप्पर राजानं काढून नेलं. मी भाषांतर केलं.

"मग राजा मेल्यावर गावानं परत टाकायचं ना," नाना म्हणाले. "आमच्या नामपूरला कांद्याच्या चाळीचे पत्रे उडाले तर संध्याकाळच्या आत सगळं गाव वर चढलेलं असतं."

नाना कांद्याचे व्यापारी. जगातली कुठलीही इमारत ते एकाच हिशेबानं बघतात, इथं कांदा टिकेल का. चर्चमध्ये शिरले की आधी भिंतीला तळहात लावणार, मग हवा हुंगणार, मग निकाल देणार. "ओल शे." एका भल्याथोरल्या चर्चमध्ये मात्र छताकडे बघत इतका वेळ गप्प उभे राहिले, की तिथल्या पाद्रीबाबांचे डोळे भरून आले. नाना म्हणाले, "आमच्या बागलाण तालुक्याचा अख्खा उन्हाळ कांदा मावंल." पाद्रीबाबांना मी सांगितलं, पाहुणे भक्तीनं भारावलेत.

इंग्रजांशी नाना थेट अहिराणीत बोलत. "त्यांना मराठी येत नाही अन् अहिराणीबी येत नाही, मग मी कशाला शुद्ध बोलू?" आणि चालायचंही. एका खेड्यात एक लालबुंद शेतकरी आणि नाना अर्धा तास पावसावर बोलले, आपापल्या भाषेत, आणि एकमेकांच्या पाठीवर थाप मारून उठले. इंग्रजी येणारा म्हणून मला नाशिकहून नेलेलं. मी आपला पिशवी धरून उभा.

खरं तर आम्ही देवळं बघायला गेलोच नव्हतो. नानांची मुलगी कविता तिकडे एकटी राहते, कंपनीचं काम घरूनच करते. तिनं एक छोटं दगडी घर बघून ठेवलं होतं. जुन्या चर्चला लागून, आणि स्वयंपाकघराची खिडकी सरळ दफनभूमीवर. नाशिकला इंदिरानगरात माझ्या घरी बसून फोनवर नानांनी ऐकवलं होतं, "मसणवट्याशेजारी पोरगी ठेवू का मी?" कविताही त्यांचीच. म्हणाली, "नाना, येऊन बघा. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन."

पण गेल्यावर नाना त्या घराकडे फिरकेनात. रोज सकाळी, "आधी दुसरं देऊळ दाखव." कविता बिचारी सुट्टी टाकून गाडी हाकायची. प्रत्येक ठिकाणी नाना थडग्यांमधून फिरत आणि तिच्याकडून दगड वाचून घेत. हा कोण, काय करायचा, पोरंबाळं किती. मला वाटलं, नाही म्हणायला पुरावे जमवताहेत.

शेवटी परतीच्या आदल्या दिवशी घर बघायला गेलो. कविता मला नळ सोडून स्वयंपाकघर दाखवत होती आणि नाना गायब. खिडकीतून बघतो तर दफनभूमीत. बूट भिंतीपाशी काढलेले, टोपी सरळ केलेली, एका कललेल्या दगडापुढे हात जोडून उभे. मी खिडकी उघडली. नानांचं बोलणं ऐकायला कान द्यावा लागला, असं आयुष्यात पहिल्यांदाच. घराकडे हात करून ते दगडाला सांगत होते,

"मी नामपूरना. हाई मनी पोर शे. तुमना शेजारले ऱ्हाई. एकटी शे, ध्यान ठेवा."

मग पुढचा दगड. पुन्हा पहिल्यापासून, नामपूरपासून. गवतात बुडालेला, नाव पुसलेला दगडसुद्धा त्यांनी सोडला नाही. आमचा माणूस, अभिमानानं सांगतो, नामपूरचा बाजार एका हाकेत गप्प करणारा, तिथं एकेकापुढे वाकून सांगत होता. कविता माझ्या शेजारी उभी होती. नळ चालूच राहिला.

नाना आत आले, भिंतीला हातही न लावता म्हणाले, "घेऊन टाक."

गाडीपाशी बूट चढवताना मला राहवलं नाही. "नाना, मेलेल्यांना काय सांगायचं? जिवंत शेजाऱ्यांना भेटायचं होतं."

नाडी बांधत नाना म्हणाले, "ते सकाळी कामावर जातात. हे दिवसभर घरी असतात."