दोन कडव्यांनी लांब मोजा

शकरमोने दोन्ही मोजे गुडघ्यावर शेजारी शेजारी ठेवले, तळहाताने सपाट केले, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एक मोजा दुसऱ्यापेक्षा चांगला पेरभर लांब होता.

असं तिच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं. वाखानच्या डोंगरी खोऱ्यातल्या त्या वरच्या आळीत शकरमोने विणलेली जोडी म्हणजे वस्तू आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब. आणि चुकावं तरी कुठे? चार दिवसांवर परवोनाचं, तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न. मुलाकडच्यांना वधूच्या आईच्या हातचे मोजे द्यायचे, आणि ही जोडी खुद्द व्याह्यांची, उस्ताद हैदरशोंची. खोऱ्यात रबाबावर भक्तीची पदं गावीत ती त्यांनीच, आणि नावं ठेवावीत तीही त्यांनीच. थोरल्या सुनेच्या माहेरून आलेला एक मोजा नखभर आखूड निघाला, तेव्हा भर लग्नात ते म्हणाले होते, "आमची सून एका पायाने नांदणार असं दिसतंय." त्याला बारा वर्षं झाली. ती पोर अजून 'एकपायी' म्हणूनच ओळखली जात होती; खरं नाव कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं.

"आई, तू मोजायला चुकलीस," परवोना रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता मला काय म्हणतील? लंगडी?"

"मी मोजते कधी, चुकायला?"

ते खरंच होतं. शकरमोच्या आईने तिच्या हातात आकडीची सुई दिली, तेव्हाच तोंडात एक पद दिलं होतं. प्रभूच्या दाराकडे पायी निघालेल्या भक्ताचं पद. एक कडवं म्हणजे एक फेर. ध्रुपद आलं की रंग बदलायचा. भक्त खिंडीतून उतरला की तळवा संपला, नदीत शिरला की टाच वळवायची, दारावर थाप पडली की धागा तोडायचा. पाऊल मोठं असेल तर लोकर जाड घ्यायची, पद तेच. नाम घेत घेत काम उरकावं आणि काम करता करता नाम व्हावं, ही तिची साधी रीत. तिच्या मोज्यांत ऊब असते ती लोकरीची नाही, असं आळीतल्या बायका म्हणत.

आता ती लांब मोज्यावरून बोट फिरवत पद गुणगुणू लागली. खिंडीपर्यंत सगळं ठीक होतं. खिंडीत मात्र भक्त एका दगडावर बसला, त्याने पाय झऱ्यात सोडले, आणि पुढच्या कडव्यात बोटं हलवून बघितली. शकरमो थबकली.

"अगो बाई! हा इथे कधी बसला? माझ्या आईचा भक्त कध्धी बसला नाही!"

मग उलगडा झाला. शेजारच्या नेकबख्तच्या नवऱ्याची कंबर धरली होती, म्हणून मागच्या आठवड्यात त्याच्या उशाशी पद गायला उस्तादांना बोलावलं होतं. शकरमो दाराशी बसून डोळे मिटून ऐकत होती. पहिला मोजा त्याआधीचा, दुसरा त्यानंतरचा. उस्तादांची दोन जास्तीची कडवी कानावाटे आत जाऊन सुईवाटे बाहेर पडली होती.

"मग उसव आणि जुन्या पदाने वीण," परवोना म्हणाली.

तिने उसवलं, विणलं. खिंड आली आणि भक्त पुन्हा बसला. तिने कानांत लोकरीचे बोळे घालून पाहिलं, पण बोळ्यांनी बाहेरचं ऐकू येईना, आतलं चालूच राहिलं. शेवटी तिने नवऱ्याला, इमोमदोदला, समोर बसवलं. "मी तोंड मिटून विणते. तुम्ही जुनं पद म्हणा."

इमोमदोद भाविक, पण मध्येच डुलकी लागणारा. त्याने भक्ताला नदीपार नेलं, पेंगला, दचकून जागा झाला आणि पुन्हा नदीत घातलं. मोज्याला दोन टाचा आल्या.

"हा कुणाच्या पायात जायचा?" शकरमोने विचारलं.

"बघणाऱ्याला कळणार नाही, जायचंय का यायचंय," इमोमदोद गंभीरपणे म्हणाला.

शिरचहाचा, दुधा-मिठाच्या चहाचा, वाडगा हातात घेऊन नेकबख्त हे सारं बघत होती. "काकू," परवोना कळवळून म्हणाली, "तुम्ही तरी सांगा काहीतरी."

"अगं, लांबाचा आखूड होत नसेल तर आखडाला लांब करा! दोघांतही बसू दे त्याला दगडावर."

पटलं. पहिलाही मोजा उसवला. पण दोन फेर वाढले आणि लाल लोकर सरली. मंजिष्ठेच्या मुळीत तो लाल यंदा एकदाच रंगवला होता, आणि त्यातली दुसरी लोकर जगात एकाच ठिकाणी होती: इमोमदोदच्या पायांत.

"तुमचे मोजे उसवावे लागतील," ती ओशाळून म्हणाली.

इमोमदोदने ते इतक्या चपळाईने काढले की तिला संशय आला. तिने त्याच्या पावलांकडे पाहिलं. बोटं सगळी आत मुडपलेली होती, थंडीत निजलेल्या कोंबड्यांसारखी.

"हे काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? आखूड होतात का मोजे?"

"थोडेसे."

"कधीपासून?"

"लग्नापासून." इमोमदोदने मान खाली घातली. "सव्वीस वर्षं."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"अगं, मोजा असता तर सांगितलं असतं. ते पद आहे. पदात खोट कशी काढू? पाप नाही का लागणार?"

आळीभर सगळ्यांच्या पायांत शकरमोच्याच हातचे मोजे होते. वरच्या आळीची माणसं उतारावरून लहान लहान पावलं टाकत, जपून चालत. खालच्या गावचे लोक त्याला विनय म्हणत. नेकबख्तने वाडगा खाली ठेवला. "शकरमो," ती हळूच म्हणाली, "माझ्या घरधन्याचे मोजेही तुझ्याच हातचे. त्याची कंबर..." आणि वाक्य अर्धं टाकून ती नवऱ्याचे पाय बघायला घरी पळाली.

शकरमोचे डोळे भरून आले. आईचं पद अपुरं होतं तर! उस्तादांकडे पुरं होतं. तिने मनोमन आईची क्षमा मागितली, उस्तादांना नमस्कार केला आणि सुई उचलली.

लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या खांद्यांवर शुभशकुनाचं पीठ शिंपडून झालं, आणि उस्ताद हैदरशोंनी सगळ्यांदेखत मोजे हातात घेतले. एकावर एक ठेवले, उजेडात धरले, ताणून पाहिले. परवोनाने ओढणीआड श्वास रोखला. उस्तादांनी मोजे पायात चढवले आणि गप्प झाले. खोऱ्यात कुणी त्यांना एवढा वेळ गप्प पाहिलं नव्हतं.

जेवणं चालू असताना त्यांनी शकरमोला खांबाआड बोलावलं. "विहीणबाई, सत्तर वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं सरळ झालीत. हे माप कुठे मिळालं?"

"तुमचंच आहे, उस्ताद. खिंडीतली ती दोन कडवी. आमच्या आईला ठाऊक नव्हती. पदातली जुनी असतील ना?"

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "ती जुनी नाहीत," ते पुटपुटले. "त्या दिवशी मला पुढचं आठवेना. सगळे डोळे मिटून ऐकताहेत, थांबू कसा? म्हणून भक्ताला दगडावर बसवला. आठवलं, तसा उठवला. पाय भिजवले ते... माझेच दुखत होते म्हणून. कुणाला बोलू नका, तुमच्या पाया पडतो."

आईचं पद पुरंच होतं तर, या विचाराने शकरमोला आधी बरं वाटलं. मग नवऱ्याची बोटं आठवली.

"नाही बोलणार," ती म्हणाली. "आणि कडवीही नाही गाळणार. इतकी वर्षं न थांबता चालत होता बिचारा, बसू दे घटकाभर. देव काही दार लावून घेत नाही तेवढ्यात. फक्त एक करा, उस्ताद. चुकल्यावर थांबायला तुम्हाला दगड मिळाला. तुमच्या थोरल्या सुनेला बारा वर्षं मिळालेला नाही."

उस्ताद खाली मान घालून जागेवर येऊन बसले. पायांकडे पाहिलं. बोटं हलवून बघितली. मग घसा साफ करून, पद उचलावं तशा आवाजात म्हणाले, "निगीना, बाळ, जरा चहा आण."

चहाची किटली घेऊन उभी असलेली थोरली सून वळून मागे बघू लागली, निगीना कोण आली म्हणून.